जखमेतल्या अळ्या पाहणारा सर्जन

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लासुर्ण्याच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचे हे शिवार. रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाच्या पायाला इथे खुरपे लागते, पाचटाचा चरा बसतो, काटा मोडतो. त्या पायाची जाणीव मधुमेहाने गेलेली असेल, तर जखम झाल्याचे त्याला दोन-तीन दिवस कळतही नाही. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने पुढे अंथुर्णे, निमगाव केतकीकडे सरकते, तेव्हा अनवाणी चालणाऱ्या पायांची गत वेगळी नसते.

पावसाळी हवेत उघड्या जखमेवर हिरवट चमकणारी माशी बसते आणि अंडी घालते. एका दिवसात ती फुटतात. मग एका सकाळी पट्टी सोडताना घरच्यांना आत काहीतरी वळवळताना दिसते. पुढचे सगळे लाजेत होते. माणसाची खाट ओसरीवर येते, पाहुण्यांपासून पाय झाकला जातो. बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाचा पाला ठेचून लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. काही ठिकाणी तोच पाला माणसालाही लागतो. रुग्णालयात यायला या सगळ्यात आणखी चार दिवस जातात. तिथे टर्पेंटाइनचा बोळा ठेवून चिमट्याने अळ्या काढल्या जातात, आणि घरचे दाराबाहेर तोंड फिरवून उभे असतात.

अळ्यांनी पाय सडवला, असा सगळ्यांचा समज असतो. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. पायातले मांस आधी मेलेले असते, त्याच्या वासावर माशी येते. हा उलटा क्रम शांत डोक्याने पाहून नोंदवणाऱ्यांत एक फ्रेंच सर्जन होता. डोमिनिक जाँ लारे हे त्याचे नाव. नेपोलियनच्या फौजेतला तो सर्वांत नावाजलेला डॉक्टर.

लारेचा जन्म 8 जुलै 1766 रोजी पिरेनीज पर्वतातल्या बोदेआँ या खेड्यात झाला. वडील जोडे शिवणारे. ते लवकर गेले आणि तेरा वर्षांचा डोमिनिक डोंगर उतरून पायी तुलूझ शहरात काकाकडे आला. काका आलेक्सी लारे तिथले मुख्य सर्जन होते. पुतण्याने सहा वर्षे त्यांच्या हाताखाली काढली. हातात कसब असूनही सर्जनला वैद्यापेक्षा कमी लेखण्याचे दिवस अजून पुरते सरले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. त्यानंतर 1787 मध्ये त्याने आरमारात नोकरी धरली आणि व्हिजिलांत नावाच्या जहाजावरून थेट न्यूफाउंडलंडची सफर केली. समुद्र त्याला मानवला नाही. परतून तो पॅरिसला आला, देसो या प्रख्यात सर्जनकडे शिकला, आणि तेवढ्यात फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला.

1792 मध्ये तो ऱ्हाईन नदीवरच्या फौजेत दाखल झाला. तिथला नियम ऐकून आजच्या माणसाला धक्का बसेल. जखमींना उचलणाऱ्या गाड्यांनी लढाईपासून एक लीग, म्हणजे चार-पाच किलोमीटर मागे थांबायचे. लढाई संपली की मग त्या पुढे सरकायच्या, वाटा अडलेल्या, गाड्या अवजड. जखमी शिपाई एक दिवस, कधी दीड दिवस चिखलात पडून राहायचा. ज्याला लवकर गाठले असते तर वाचला असता, तो तोवर गेलेला असायचा.

लारेने पाहिले की तोफखान्याच्या हलक्या घोडागाड्या मात्र लढाई चालू असताना वाऱ्यासारख्या इकडून तिकडे धावतात. तोफ धावू शकते, तर जखमी का नाही? त्याने दोन चाकांच्या, स्प्रिंग लावलेल्या हलक्या गाड्या बनवून घेतल्या, सोबत घोड्यावरचे सर्जन आणि मलमपट्टीचे सामान दिले, आणि त्या गाड्या थेट गोळीबाराच्या मागोमाग नेल्या. त्यांना उडत्या अँब्युलन्स म्हणत. 108 नंबर फिरवल्यावर दारात येणाऱ्या गाडीची ही पणजी.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. लारेने दंडक घातला की ज्याची जखम अधिक गंभीर, त्याच्यावर आधी उपचार. हुद्दा नंतर. शत्रूचा शिपाई असेल तरी हाच क्रम. ज्या काळात सरदाराच्या करंगळीसाठी शिपायाचा पाय थांबून राहायचा, त्या काळात हे राबवणे म्हणजे रोज कुणाचा तरी रोष ओढवून घेणे होते. आजही अपघात विभागात ओळखीचा फोन घेऊन येणारा माणूस रांगेतल्या बेशुद्ध रुग्णाच्या पुढे जाऊ पाहतो. लारेचा नियम पाळणे सोपे झाले आहे असे म्हणवत नाही.

1798 मध्ये नेपोलियन इजिप्तला निघाला आणि लारे त्याच्याबरोबर गेला. वाळवंटात घोडागाड्या निरुपयोगी ठरल्या, म्हणून त्याने उंटांच्या दोन बाजूंना पेट्या लटकावून त्यांत जखमींना झोपवले. डोळ्यांची साथ, प्लेग, जखमेनंतरचा धनुर्वात, सगळे या मोहिमेत होते. 1799 मध्ये फौज सीरियाकडे वळली आणि अक्क्याच्या किल्ल्याचा वेढा दोन महिने रेंगाळला. उष्णता, धूळ, पट्ट्यांचा तुटवडा. जखमांवर माशांचे ढग.

इथेच ती नोंद झाली. निळ्या माशीच्या अळ्या जखमांत दिसू लागल्या आणि शिपाई हवालदिल झाले. तोफेला न डरणारी माणसे स्वतःच्या मांडीत वळवळणारे जीव पाहून रडकुंडीला आली. लारेने घाई केली नाही. त्याने पट्ट्या सोडून जखमा दिवसेंदिवस पाहिल्या. अळ्या फक्त कुजलेले मांस खातात, जिवंत भागाला हात लावत नाहीत. मेलेला भाग लवकर सुटतो, खालून लाल, ताजे मांस येते, आणि जखम भरायला कमी वेळ लागतो. हे त्याने शिपायांना पुन:पुन्हा समजावले, तरी सगळ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना पटले ते स्वतःची जखम भरल्यावर. आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्याने हे सगळे लिहून ठेवले.

त्याने मुद्दाम अळ्या सोडल्या नव्हत्या, हेही नीट सांगायला हवे. निसर्गाने केलेले काम त्याने बिघडवले नाही, इतकेच. त्याच्याआधी अडीचशे वर्षांपूर्वी आंब्रॉज पारे या फ्रेंच सर्जननेही जखमांतल्या अळ्या पाहिल्या होत्या. पण अळ्या जखमेला उपकारक ठरतात ही गोष्ट लारेइतक्या स्पष्टपणे त्याआधी कुणी मांडलेली नव्हती.

लारेला एक गोष्ट माहीत असण्याचे कारण नव्हते. जीवाणू नावाची चीज तेव्हा वैद्यकात नव्हतीच. गोळी लागते तेव्हा तिच्याबरोबर कपड्याच्या चिंध्या आणि मातीही आत जाते. त्या मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे जंतू बीजरूपाने वर्षानुवर्षे पडून असतात. हवा न पोचणाऱ्या मेलेल्या मांसात त्यांना घर मिळते. 1884 मध्ये जर्मनीत आर्थर निकोलायरने बागेतली माती प्राण्यांना टोचून धनुर्वात निर्माण करून दाखवला, तेव्हा मातीवरचा आरोप सिद्ध झाला. लारे जाऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. तरीही त्याचा आग्रह अचूक होता: चेंदामेंदा झालेला अवयव पहिल्या चोवीस तासांत काढा, सडेपर्यंत थांबू नका. मेलेले मांस दूर झाले की मातीतल्या जंतूला घर उरत नाही. हे काम सुरीने तो करत होता, आणि काही जखमांत अळ्या.

अळी हे कसे करते? तिला दात नाहीत. ती पाचक रस तोंडातून बाहेर सोडते, मेलेले मांस विरघळवते आणि ते पातळ झालेले शोषून घेते, त्याबरोबर जंतूही गिळते. जिथे ती राहते ती जागा जंतूंनी बुजबुजलेली असते. माणसासारखी प्रतिपिंडे कीटकांना नसतात, लस टोचून घेण्याची सोय नाही. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला: जंतूंचे आवरण फोडणारी छोटी प्रथिने स्वतःच बनवायची. 1980 च्या सुमारास स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने सेक्रोपिया पतंगाच्या कोषातून असे पहिले प्रथिन वेगळे केले आणि कीटकांच्या या शस्त्रागाराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. मेलेला उंदीर मातीत पुरून त्यावर पिले वाढवणारा एक भुंगा आहे; तो त्या उंदरावर आपल्या अंगातला स्राव लेपतो आणि मातीतल्या जंतूंपासून पिलांचे अन्न राखतो. हिरव्या माशीच्या अळीतले असेच प्रथिन 2010 मध्ये चेक शास्त्रज्ञांनी शोधले. तिच्या लुसिलिया या नावावरून त्याला लुसिफेन्सिन म्हणतात. अवघ्या 40 अमिनो आम्लांची ती साखळी. पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंवर ती चालते. स्यूडोमोनाससारख्या, हिरवा पू करणाऱ्या जंतूंपुढे मात्र तिचे फारसे चालत नाही.

याच डिफेन्सिन कुळातले एक प्रथिन मधमाशी बनवते आणि ते मधात उतरते. मधाचा विषय निघाला की सोलापूरचे नाव घ्यावेच लागेल. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रमण्यम यांनी भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन गट केले. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना तेव्हाचे नेहमीचे चांदीयुक्त मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा जंतूविरहित झाल्या, मलमाच्या गटातल्या 7 टक्के. हा निबंध 1991 मध्ये ब्रिटनच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. इंदापूरपासून सोलापूर ते किती लांब!

पण लारेची गोष्ट अर्धीच झाली आहे.

युरोपात परतल्यावर तो नेपोलियनच्या जवळपास प्रत्येक मोठ्या लढाईत होता. 1807 मध्ये आयलाऊच्या बर्फात शस्त्रक्रिया करताना त्याने पाहिले की गारठलेल्या अवयवाला वेदना कमी होते. भूल देणारे औषध यायला अजून चाळीस वर्षे होती. 1809 मध्ये डॅन्यूबमधल्या एका बेटावर हजारो जखमी अडकले, अन्न संपले. लारेने घोडे मारायला लावले. त्यांत अधिकाऱ्यांचेही होते. भांडी नव्हती म्हणून चिलखतांचे पत्रे उलटे करून त्यांत सूप उकळले. त्याच वर्षी त्याला बॅरन ही पदवी मिळाली. 1812 मध्ये रशियात बोरोदिनोच्या लढाईत त्याने चोवीस तासांत दोनशे अवयव कापले. आकडा ऐकून अंगावर काटा येतो, पण त्याच्या टेबलावर अवयव जाऊन माणूस वाचत असे हे शिपायांना माहीत होते. म्हणूनच परतीच्या वाटेवर बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा त्याला ओळखून शिपायांनी हातोहात उचलून पलीकडे पोचवले. त्या पुलावर सेनापतींनाही वाट मिळत नव्हती.

1813 मधला प्रसंग कमी सांगितला जातो, आणि तो अधिक मोठा आहे. सक्तीने भरती झालेल्या दोन हजारांहून अधिक पोरांच्या हाता-बोटांना गोळ्या लागलेल्या होत्या. लढाई चुकवायला यांनी स्वतःच गोळ्या मारून घेतल्या, असा संशय खुद्द नेपोलियनला होता. शिक्षा उघड होती. लारेने एकेक हात तपासला आणि अहवाल दिला की गुन्ह्याचा पुरावा नाही. कच्च्या शिक्षणाची ही पोरे, मागच्या रांगेतल्यांच्या गोळ्या पुढच्यांच्या हातांना लागल्या. सम्राटाच्या मताविरुद्ध असे लेखी देणे म्हणजे नोकरी पणाला लावणे. नेपोलियन आधी चिडला, मग त्याने अहवाल मान्य केला. वैद्यकीय दाखला कुणाच्या बाजूने द्यायचा, हा दबाव सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना नवा नाही. लारेने हात पाहून लिहिले.

18 जून 1815, वॉटर्लू. पलीकडे सेनापती होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा आपल्याला परका नाही. बारा वर्षांपूर्वी आर्थर वेलस्ली या नावाने तो दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला दक्षिणेतून वर आला, तेव्हा 15 एप्रिल 1803 रोजी नीरेच्या अलीकडे अकलूजला त्याची छावणी होती. पाच दिवसांनी तो पुण्यात शिरला, आणि त्याच सप्टेंबरात भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्याची लढाई झाली. तोच वेलिंग्टन वॉटर्लूला दुर्बिणीतून पाहत होता. गोळ्यांच्या वर्षावात जखमी उचलणारा माणूस कोण, असे त्याने विचारले, लारेचे नाव ऐकून त्या बाजूचा मारा थांबवायला सांगितले आणि टोपी काढली, अशी कथा सांगतात.

प्रशियन सैनिकांनी मात्र त्याला पकडले. अंगकाठी आणि कोट यांवरून आधी त्यांना तो नेपोलियनच वाटला. नाही हे कळल्यावर गोळी घालायचे ठरले. डोळ्यांवर पट्टी बांधायला आलेला सर्जन कधीकाळी बर्लिनमध्ये त्याच्या व्याख्यानांना बसला होता. त्याने ओळखले. गोष्ट सेनापती ब्ल्यूखरपर्यंत गेली. ब्ल्यूखरच्या जखमी मुलावर पूर्वी लारेनेच उपचार केले होते. लारेची सुटका झाली आणि सोबत शिपाई देऊन त्याला पाठवण्यात आले. शत्रूच्या जखमींनाही रांगेत धरण्याचा त्याचा नियम असा त्याच्याच कामी आला.

नव्या राजवटीने त्याचे निवृत्तिवेतन बंद केले. काही वर्षे ओढगस्तीची गेली. पण नेपोलियनने सेंट हेलेना बेटावर केलेल्या मृत्युपत्रात त्याच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेला सर्वांत सज्जन माणूस असा त्याचा उल्लेख केला. 1820 मध्ये फ्रेंच वैद्यकीय अकादमीने आणि 1829 मध्ये विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले.

अळ्यांची नोंद पुस्तकात पडून राहिली. अमेरिकेच्या यादवी युद्धात एका सर्जनने त्या मुद्दाम वापरल्या. मग पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, विल्यम बेअर नावाच्या अमेरिकन सर्जनकडे दोन शिपाई आले. मांड्या फुटलेल्या, पोटालाही जखमा, सात दिवस रणांगणावर अन्नपाण्याविना पडलेले. कपडे काढले तर जखमांत हजारो अळ्या. ताप नाही. अळ्या धुतल्यावर खाली निरोगी, गुलाबी मांस. बेअरला त्या दृश्याचा विसर पडला नाही. 1928 पासून त्याने हाडांत पू झालेल्या मुलांवर अळ्या वापरायला सुरुवात केली. पहिल्या प्रयोगांत त्याचे काही रुग्ण धनुर्वाताने आजारी पडले. मातीतला तोच जुना जंतू अळ्यांबरोबर आत आला होता. तेव्हापासून अंडी जंतुनाशकात धुऊन, बंद बरणीत वाढवलेल्या अळ्याच वापरायच्या, हा नियम झाला. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक रुग्णालयांत ही पद्धत होती. पेनिसिलीन आले आणि ती मागे पडली. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाल्यावर ती पुन्हा वर आली. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधी अळ्यांना परवानगी दिली.

मात्र ही पद्धत म्हणजे रामबाण, असे कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये पायांच्या जुन्या व्रणांवर केलेला मोठा तुलनात्मक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. अळ्यांनी मेलेले मांस नेहमीच्या मलमापेक्षा लवकर काढले, पण जखम पूर्ण भरायला वेळ तितकाच लागला, जंतूंची संख्याही विशेष कमी झाली नाही, आणि दुखणे वाढले. बशीत जंतू मारणारे प्रथिन पायात तितके चालेलच असे नाही.

आणखी एक इशारा लासुर्ण्यात राहणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाचा. लारेने पाहिलेली अळी मेलेले मांस खाणारी होती. आपल्याकडे क्रायसोमिया जातीची एक माशी आहे, तिची अळी जिवंत मांस पोखरत आत शिरते. गुरांच्या जखमा, माणसाचे नाक, कान, मधुमेही पाय, काहीच तिला वर्ज्य नाही. नुसत्या डोळ्यांनी घरी बसून दोघींतला फरक ओळखता येत नाही. म्हणून आपल्या रुग्णालयांत जखमेत अळ्या दिसल्या की त्या काढल्याच जातात, मेलेले मांस सर्जन काढतो, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते आणि साखर तपासली जाते. ओसरीवर खाट हलवण्याची गरज या सगळ्यात कुठेच नाही. पाय झाकून ठेवलेले चार दिवस तेवढे महागात पडतात.

1842 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, लारे लष्करी रुग्णालयांच्या पाहणीसाठी अल्जीरियाला गेला. तिथून परतताना तो आजारी पडला आणि 25 जुलै रोजी लियों शहरात वारला. चित्रकार असलेली त्याची पत्नी शार्लोत तीनच दिवस आधी गेली होती. पॅरिसमधल्या जखमी सैनिकांच्या आश्रमाच्या, म्हणजे इन्व्हालिदच्या आवारात आपल्याला पुरावे अशी त्याची इच्छा होती. सरकारने तेव्हा ती मानली नाही. त्याला पेर लाशेझच्या दफनभूमीत जागा मिळाली. दीडशे वर्षांनी, 1992 मध्ये, त्याचे अवशेष इन्व्हालिदमध्ये नेण्यात आले.